थांबा, नवीन येतोय

“थांबा. नवीन येतोय.”

असं म्हणताना काका उजव्या हाताचा पंजा समोरच्याच्या छातीपर्यंत आणायचे, चौकातला पोलीस गाडी अडवतो तसा. डाव्या हातात बर्फाचं फावडं असो, चहाचा कप असो, नाहीतर गणपतीतली झांज असो, उजवा हात या कामासाठी मोकळाच. येणारा म्हणजे पाहुणा नव्हे, जावई नव्हे. कॉम्प्युटरचा प्रोसेसर. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल, पावसाचं किंवा शेअरबाजाराचं भाकीत सांगणारं. परदेशातल्या आमच्या वॉन शहरातल्या मराठी घरांना प्रोसेसरचं भाकीत सांगणारे हे काका होते, आणि आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो.

मी बार्शीकडची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. नवरा वेल्डर, मी वेअरहाउसमध्ये पॅकिंगला. या देशात आलो तेव्हा क्रेडिट हिस्ट्री नाही, आमच्याबद्दल चार शब्द सांगणारं कुणी नाही, आणि वर नोव्हेंबरची थंडी. जिथं जागा विचारू तिथं नकार. काकांनी एकच प्रश्न विचारला, “कॉम्प्युटर आणलाय का तिकडून?” आम्ही घाबरत नाही म्हणालो. “शहाणे आहात,” म्हणाले, आणि काकूंनी किल्ली हातात ठेवली. मग माझ्या अंगावरचा स्वेटर बघून काकूंनी आतून स्वतःचा जाड कोट आणला आणि माझ्या बाह्या लहान मुलीसारख्या दुमडून दिल्या. तेव्हा पुढं हसू आलं तर हसा, पण त्या घराचं मीठ मी खाल्लंय एवढं लक्षात ठेवून हसा.

काका रिटायर्ड इंजिनियर, पुण्याचे. काकू नागपूरच्या. काका सकाळी उठले की देवाआधी इंटरनेट. तेही मुलानं दूर रेजिना शहरात राहायला जाताना टाकून दिलेल्या एका खडखडणाऱ्या लॅपटॉपवर. चिप बनवणाऱ्या कंपन्या पुढं काय आणणार, कुठल्या महिन्यात, कुणाच्या कारखान्यात काय अडलंय, याच्या अफवा ते वाचायचे आणि नाश्त्याला काकूंना ऐकवायचे. “पासष्ट नॅनोमीटरवरून पंचेचाळीसवर चाललेत!” काकू पोहे ढवळत म्हणायच्या, “चालू द्या नं. तुम्ही आधी पोहे खा.”

मराठी मंडळातलं कुणीही कॉम्प्युटर घ्यायचं म्हटलं की आधी काकांना फोन. लोक मुहूर्त विचारतात तसं विचारायचे, “काका, या महिन्यात घेऊ?” आणि काका कधीच हो म्हणायचे नाहीत. आत्ताचा घ्यावा तर दोन महिन्यांत नवीन येतोय. नवीन आला की त्याच्या पहिल्या लॉटमध्ये उष्णता फार. दुसऱ्या लॉटपर्यंत थांबावं तर तोवर त्याच्याही पुढच्याची बातमी आलेली. एका घरातल्या मुलानं अशी वाट बघत लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर अख्खी युनिव्हर्सिटी संपवली आणि नोकरीला लागला. नोकरीवर त्याला लॅपटॉप मिळाला. काका म्हणाले, “बघा! थांबल्याचा फायदा.”

स्वतः काकांचा कॉम्प्युटर मात्र तयार होता. म्हणजे जवळजवळ तयार. वरच्या डायनिंग रूममध्ये एक उंच काळा डबा, मोठा पडदा, कीबोर्ड, कॅमेरा, सगळं मांडलेलं, वर काकूंनी विणलेला रुमाल. सगळे भाग काकांनी एकेक निवडून स्वतः जोडलेले. फक्त प्रोसेसर घातलेला नव्हता. आलेल्या माणसाला काका डब्याची बाजू उघडून आत टॉर्च मारून दाखवायचे. मधोमध एक रिकामा चौकोन. “इथं बसणार,” ते हळू आवाजात म्हणायचे. बघणाऱ्याला नमस्कार करावा की काय असं वाटायचं. पंचाईत अशी की नवीन प्रोसेसर आला की तो बसायची जागाही बदलायची. मग काका आतला बोर्ड काढून नवा बोर्ड घालायचे आणि पुन्हा वाट बघायचे. एकदाही सुरू न होता जुना झालेला कॉम्प्युटर मी तेवढाच पाहिला.

मला या गोष्टी कळायच्या नाहीत, आणि न कळलेलं विचारायची मला भीती. शाळेपासूनची. पण काकांना विचारायला भीती वाटायची नाही, कारण त्यांना सांगायचीच फार घाई. एकदा मी वर कोथिंबीर निवडत होते. विचारलं, “काका, ड्युअल कोअर म्हणजे काय हो?”

“सोपं आहे. एका किचनमध्ये एक बाई स्वयंपाक करते. ड्युअल कोअर म्हणजे त्याच किचनमध्ये दोन बायका. काम दुप्पट.”

काकू गॅसपाशी होत्या. मागं न बघता म्हणाल्या, “एका किचनमध्ये दोन बायका? झाला मग स्वयंपाक!”

“अगं, तीच तर अडचण आहे!” काका खुर्चीतून उठलेच. “दोघींना काम वाटून देणारं सॉफ्टवेअरच अजून नीट नाही. म्हणून म्हणतो, थांबा.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. “मला बघायला आले तेव्हा कांदेपोहे संपायच्या आत हो म्हणाले होते. तेव्हा कुणी सांगितलं नाही वाटतं यांना, की नवीन येतेय म्हणून.”

काका गंभीरपणे म्हणाले, “तेव्हा माझं वाचन कमी होतं.”

मग आम्हाला मुलगी झाली. गावाकडं आईच्या जिवाला चैन नाही. फोनवर रोज एकच, “कशी दिसती गं? कुणावर गेलीय?” मी पाठवलेल्या फोटोंत सगळी बाळं दिसतात तशी ती दिसायची. भावाचं तालुक्याला मोबाइलचं दुकान. त्यानं दुकानात कॅमेरा लावलेला कॉम्प्युटर घेतला आणि म्हणाला, “ताई, तू तिकडं एक घे. आईला हितं आणून बसवतो. हलती-बोलती नात बघंल ती.”

झालं. मी वर गेले. काकांना विचारलं. पंजा वर आला.

“अगं, एवढे थांबलात तर अजून तिमाही थांबा. व्हिडिओचं काम आहे ना? त्यालाच तर चार कोअर लागणार. धावेल नुसता!”

तिमाही गेली. बाळ पालथं पडलं. नवीन प्रोसेसर आला, काकांना त्याची उष्णता पसंत पडली नाही. बाळ बसायला लागलं. आता तुम्ही म्हणाल, दुकानात जाऊन घेऊन टाकायचा, त्यात काय. पण तुम्ही आमच्या जागी नव्हता. ज्या माणसानं चौकशी न करता घर दिलं त्याचा शब्द ओलांडून, त्याच्याच घरात, त्याच्याच पायांखाली कॉम्प्युटर लावायचा? मला स्वप्नात काका जिन्यावर उभे दिसायचे, काही न बोलता. शेवटी आम्ही ठरवलं की गुपचूप आणायचा, डायपरच्या खोक्यात घालून, बाजूच्या दारानं. एका शनिवारी नवरा दुकानात गेला. तासाभरानं परत आला. हातात पेन्सिल सेलचं पाकीट.

“हे काय?”

“काका होते तिथं.”

काका दर शनिवारी दुकानात जातात हे आम्हाला माहीतच नव्हतं. काही घ्यायला नाही, नुसते उभे राहायला. त्यांनी याच्या खांद्यावर हात ठेवला. “काय रे, काय घ्यायला आलास?” याच्या तोंडून निघालं, “सेल.” मग काकांनी कुठले सेल चांगले तेही निवडून दिले. आमच्याकडे सेलवर चालणारी एकही वस्तू नव्हती. पुढच्या आठवड्यात आम्ही सेलसाठी एक घड्याळ आणलं.

हसण्यावारी नेलं आम्ही. पण हिवाळ्यात भावाचा फोन आला. आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. एक डोळा कधी गेला ते तिलाही कळलं नव्हतं. दुसरा कमी होत चाललेला. औषधानं फार तर वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. फोन ठेवून मी कपडे धुवायच्या मशीनपाशी गेले, कारण तिथं आवाज असतो, रडलेलं कळत नाही. पण ते मशीन दोन्ही घरांचं एकच. काकू चादरी घेऊन खाली आल्या. त्यांनी चादरी खाली ठेवल्या आणि मशीन बंद केलं. “आता सांग,” म्हणाल्या.

त्या वर गेल्यावर छतातून त्यांचा आवाज येत राहिला. शब्द कळत नव्हते. काकांचा आवाज अजिबात नव्हता, आणि तसं त्या घरात कधी होत नसे. मग जिना वाजला. काका दारात उभे राहिले, स्वप्नातल्यासारखेच. 

“आईंना आत्ता दिसतं किती?” त्यांनी विचारलं.

“समोरचं दिसतं. कडेचं नाही. धुरकट झालंय म्हणते.”

“आणि पुढच्या तिमाहीत?”

“अजून कमी.”

“त्याच्या पुढच्या?”

“अजून कमी, काका. तसंच असतं म्हणे ते.”

 सगळं आयुष्य पुढचं चांगलं असतं या हिशोबावर काढलेला माणूस. हा उलटा हिशोब त्यांच्याजवळ नव्हता. मग म्हणाले, “कोट घाल. दुकान उघडं आहे.”

दुकानातला पंजाबी सेल्समन काकांना ओळखत होता, म्हणजे कधीच काही न घेणारे अंकल म्हणून. काकांनी काचेच्या कपाटातल्या एका डबीवर बोट ठेवलं. “ये दे दो.”

तो हसला. गंमत वाटली त्याला. मग काकांचा चेहरा बघून चांगल्या मनानं म्हणाला, “अंकल, सच बोलूँ? दो हफ्ते रुक जाओ. नया आ रहा है.”

मी काकांकडे बघायची हिंमत केली नाही. काकूंनी त्यांची बाही धरून ठेवली होती, पडतील की काय म्हणून. 

“आने दो,” ते म्हणाले. “तुम ये पॅक करो.”

घरी आल्यावर त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. “सोवळंही नेसा,” काकू म्हणाल्या. काकांना ऐकूच गेलं नाही. तो नखाएवढ्या जाडीचा चौकोन त्यांनी दोन बोटांत धरला, दिशा तपासली आणि त्या रिकाम्या जागेवर अलगद ठेवला. दांडी खाली दाबली. टक् झालं. पंखा फिरायला लागला तेव्हा ते डब्याला कान लावून बसले. मग नवऱ्याला म्हणाले, “उचल रे. खाली न्यायचाय.”

“काका, तुमचा कॉम्प्युटर...”

“मला काय बघायचंय? बातम्याच. त्या लॅपटॉपवर येतात.”

रविवारी सकाळी आमच्याकडं बर्फ आणि भावाच्या दुकानात संध्याकाळ. पडद्यावर आधी नुसतं एक कपाळ आणि कुंकू दिसलं. आई कॅमेऱ्याला चिकटून बसली होती. भावानं तिला मागं ओढलं. मी बाळाला पुढं धरलं.

“दिसती का गं आई?”

“काळं काळं दिसतंय. उजेडात धर की जरा.”

बेसमेंटला खिडकी ती केवढी, त्यात बाहेरून बर्फानं बुजलेली. ट्यूब होती, ती बाळाच्या पाठीमागं. मी बाळाला इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, आई आपली मान पुढं काढून शोधतेय. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात जिना धडधड वाजला. काका वरच्या बैठकीतला दिवा उपटून घेऊन आले होते, वायर मागं फरफटत. त्यांनी तो लावला आणि दोन्ही हातांनी बाळाच्या तोंडावर धरला. पोरगी दिव्याकडं बघून हसली.

 आई म्हणाली, “अगं बाई. आपल्या दादांचं नाक हाय.” दादा म्हणजे माझे वडील. ते मी लहान असतानाच गेले. “कान दाव. मागं तीळ हाय का? हाय! हात दाव. नखं कापत न्हाईस व्हय गं?”

एक अवयव सोडला नाही तिनं. दिवा पितळेचा, चांगला जड. काकांचे हात हलायला लागले. काकू म्हणाल्या, “आणा इकडे, मी धरते.”

“नको. अँगल बदलेल.”

नवरा पुढं झाला, त्यालाही हलवलं मानेनं. एक हात थकला की दुसरा पुढं. पडद्यावर ते आलेच नाहीत, फक्त मनगट आणि स्वेटरची बाही. शेवटी आईनं विचारलं, “दिवा कुणी धरलाय गं?” मी सांगितलं, घरमालक आहेत. आईनं लगेच डोक्यावर पदर घेतला आणि त्या मनगटाला हात जोडले.

दोन आठवड्यांनी नवीन प्रोसेसर खरंच आला. काकांना फोनवर फोन. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. “नाही, नाही, घाई करू नका,” ते सांगत होते. “याच्यापुढचा बघण्यासारखा आहे.”

पुढच्या वर्षी दोघांच्या गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा घर विकून दोघं मुलाकडं रेजिनाला गेली. तिथल्या दुसऱ्या थंडीत काका गेले. काकूंनीच फोन करून सांगितलं. सकाळी बातम्या वाचता वाचता, म्हणाल्या, चहा अर्धा होता.

आईला आता दिवस आणि रात्र एवढंच कळतं. तरी माझी मुलगी फोनवर इंग्रजीत काही बोलली की आई तिला ठणकावते, “मला नगं शिकवू. तुझ्या कानामागचा तीळ बघितलाय म्या.” काका गेल्याचं मी तिला सांगितलं. 

ती म्हणाली, “त्या दिवशी हात लई दुखला असंल गं त्यांचा. कुणी तेल लावून दिलं व्हतं का?”