गावकऱ्यांची फळी

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी आम्ही काही जण टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडून, फासे टाकून लढाई खेळतो. ठाकुर्लीहून येणारे एक काका आमच्यात सगळ्यांत मवाळ. कॉलेजच्या पोरांनाही ते ‘अहो’ म्हणतात, आणि आपला सैनिक मेला की ‘या, बसा आता’ म्हणत त्याला अलगद डब्यात ठेवतात.

गेल्या महिन्यात खेळात दोन नव्या सेना आल्या. त्यातल्या एकीत सैनिकांबरोबर गावकरीही होते. काकांनी तीच घेतली. कडेवर पोर घेतलेल्या बायका, काठी टेकणारे म्हातारे त्यांनी स्वतः रंगवून आणले आणि मला समोर बसवून सगळ्यांना पुढच्या रांगेत उभं केलं. बंदूकवाले त्यांच्या मागे; त्यांना गाठायचं तर आधी गावकरी मारावे लागणार.

“काका, हे काय?” मी हादरलोच.

“नवीन व्यूह आहे, नियमात बसतो,” ते हसून म्हणाले. “टाका ना फासे.”

एका बाईच्या साडीला त्यांनी बारीक काठसुद्धा काढला होता. माझा हात उठेना. शेवटी मी फासे न टाकताच खाली ठेवले आणि डाव सोडला.

“तुम्ही मारणार नाही, हे मला ठाऊक होतं,” काका माझी पाठ थोपटत म्हणाले. “म्हणून तर आज तुम्हालाच निवडलं.”