न घेतलेली परवानगी

दिवाणी कायदा इतर गावांत वकिलांच्या तोंडात असतो. रत्नागिरीत तो एका माणसाच्या पायांत होता. ते आमच्या शेजारचे काका. पस्तीस वर्षं कोर्टात स्टेनो. न्यायाधीश सांगतील ते निकाल टाईप करून करून सगळ्या व्याख्या त्यांना पाठ झाल्या, आणि पाठ झालेली गोष्ट वापरली नाही तर त्यांना अन्न टाकल्यासारखं वाटे. भाजीवाली म्हणाली, "घ्या काका, ताजी हाय," की ते बजावत, "हा तुझा प्रस्ताव. मी स्वीकारलेला नाही. पिशवीत घालू नकोस." काकूंनी चहा पुढे केला आणि यांना साखर कमी हवी असली, तर "हा माझा प्रतिप्रस्ताव, म्हणजे मूळ चहा रद्द," असं म्हणून कप परत करत. मूळ चहा काकू निमूटपणे स्वतः पिऊन टाकत.

पण काकांची खरी करामत वाटेची. आमच्या सहा घरांना मांडवीच्या रस्त्यावर उतरायला जवळची वाट एकच, ती उताराखाली राहणाऱ्या भाभींच्या आंब्याच्या कलमांच्या बागेतून. भाभींचे दोन्ही मुलगे आखातात, बागेवर राज्य भाभींचं. काका सांगत, "कोर्टांनी पक्कं करून ठेवलंय. वीस वर्षं शांतपणे, उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता चाललं की वहिवाटीचा हक्क लागतो." हे सगळं ते रोज सकाळी सात वाजता चालून दाखवत. उघडपणे, म्हणून फाटकाशी तीनदा खाकरत आणि कडक उन्हाळ्यातही छत्री उघडून निघत. हक्काने, म्हणून मान ताठ. शांतपणे, म्हणून भाभींचा कुत्रा पोटरीला चावला त्या दिवशीही तोंडातून शब्द काढला नाही. घरी येऊन, दार लावून, मग ओरडले. लेकीकडे पुण्याला गेले तर छत्री माझ्या हातात येई. "माझ्या वतीने जा. खाकरायला विसरू नकोस."

अशी अठरा वर्षं गेली आणि भाभींच्या थोरल्याने फोनवरून आईला कायद्यातली एक खोच शिकवली: मालकाच्या परवानगीने चाललेलं मोजत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून भाभी ओटीवरून ओरडू लागल्या, "या काका, जा! माजी परवानगी हाय!"

तिसऱ्या दिवशी काका कानांत कापूस घालून निघाले. "कानापर्यंत पोचली नाही ती परवानगीच नव्हे," मला म्हणाले. भाभी आवाज वाढवत गेल्या, काका कापूस. मग भाभींनी परवानगी पाटीवर लिहून टांगली. काकांनी चष्मा खिशात टाकला आणि सरळ जाऊन फणसावर आपटले. कपाळाला हळद भाभींनीच लावली. "हळद घेतली," काका म्हणाले, "परवानगी नाही."

हा खेळ पुढं कितीतरी वर्षं चालला. गेल्या वर्षी मात्र भाभींच्या मुलांनी बागेचा खालचा भाग मुंबईच्या एका माणसाला विकायला काढला. तो वाटेवर चिऱ्याची भिंत घालणार होता. भिंत झाली की आम्हाला मोठा वळसा, आणि काकांचे गुडघे वळसा घेणारे राहिले नव्हते. मी मोर्चे आणि पत्रकांवर वाढलेली मुलगी. तासाभरात लिहिलं: 'वाट अडवणाऱ्यांनो, खबरदार!!!' काकांनी पेन्सिल घेऊन आधी उद्गारचिन्हं खोडली, मग 'खबरदार' खोडलं, मग 'वाट अडवणाऱ्यांनो'.

"काका, अन्यायापुढं गप्प बसायचं?"

"शांतपणे, पोरी. इतकी वर्षं कुत्रा सोसला, आता तुझ्या पत्रकापायी हक्क घालवू?"

घेणारा माणूस वकिलाला घेऊन आला. आम्ही सहा घरं बागेच्या दगडी गडग्याशी उभी. वकिलाने गोड आवाजात विचारलं, "भाभी, हे गृहस्थ तुमच्या परवानगीनेच जात होते ना?" भाभींनी हो म्हटलं की वाट बंद, आणि मुलांना तेच हवं होतं. भाभींनी काकांकडे पाहिलं. ताठ मान, कानांत कापूस, कपाळावर फणसाचा जुना व्रण.

"मी द्यायची रोज," त्या म्हणाल्या. "पण ह्या बाबाने घेतली कधी? घेतलीच नाय ती परवानगी कसली?"

वकिलाने फाइल मिटली. भिंत झाली, पण वाट सोडून.

दिवाळीनंतर काका अंगणातच पडले. खुब्याचं हाड मोडलं, चालणं संपलं. त्यांच्या वतीने मी निघाले. छत्री उघडली, तीनदा खाकरले. भाभी ओटीवर गप्प.

"भाभी, आज परवानगी नाही?"

"द्यायची त्या माणसाला," त्या म्हणाल्या. "तुला कशाला?"

चार दिवसांनी त्या खापरोळ्यांचा डबा घेऊन त्याच वाटेने वर आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकांनी त्यांना खुर्चीतूनच पाहिलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, "या भाभी, या! माझी परवानगी आहे!"

भाभींनी डबा काखेत मारला आणि दोन्ही कानांत बोटं घातली. "काय्येक ऐकाया येत नाय!"

काका खूप हसले. मग हळूच म्हणाले, "हक्क लागायला वीस वर्षं रोज यावं लागेल, भाभी."

"येन की. तुमी बसून रावा म्हंजे झालं."

आता सातला मी उतरते तेव्हा त्या चढत असतात. अजून एकोणीस वर्षं आणि वर काही महिने बाकी आहेत. काका अठ्ठ्याहत्तरचे. कापसाची पुडी त्यांनी काकूंना देऊन टाकली, देवाच्या वातींसाठी.