पायगुणाची गाडी

या जगात बंद पडलेली म्हणून एकही वस्तू नाही, जी काही बंद दिसते ती नुसती रुसलेली असते, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नशिबानं तो माझा साडू निघाला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. माझी धाकटी, त्यांची थोरली. त्यामुळे मान त्यांचा मोठा, आणि गप्प बसून ऐकून घेणं माझ्या वाट्याला. मी हिंगोलीत कापडाचं दुकान चालवतो, ते गोरेगावात हळद पिकवतात. पण हळदीपेक्षा त्यांचा जीव विजेत जास्त. शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात, हे टेस्टर लावतात. लग्नाच्या मांडवात शिरले की आधी नवरदेवाकडे नाही, लाइटच्या बोर्डाकडे जातील. एकदा तर सेनगावला एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो, घरातला कर्ता माणूस गेलेला, बायाबापड्या पदर डोळ्याला लावून बसलेल्या, आणि हा गृहस्थ स्टुलावर चढून पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसला. "करंट येऊन राहिलाय, पण मन लावून न्हाई," असं त्यांनी त्या सुतकी घरात जाहीर केलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पंखा फिरला, आणि उकाड्यानं हैराण झालेली ती म्हातारी विधवा म्हणाली, "बरं केलं गा बाबा."

त्यांच्या गाडीची गोष्ट सांगायची तर आधी अक्काची सांगावी लागेल. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी मेहुणी. गोरीपान, अंगानं चांगली भरलेली, हसली की सगळं अंग हसायचं. पण घरात काही नवं आलं, बैलजोडी म्हणा, टीव्ही म्हणा, बियाण्याचं पोतं म्हणा, की अक्का गुपचूप उठून आत चुलीपाशी जाऊन बसायची. कारण लग्न होऊन ती गोरेगावात आली त्याच आठवड्यात दावणीचा बैल मेला आणि पाठोपाठ विहिरीवरची मोटर जळाली. सासूनं ओट्यावर उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकवलं, "पांढऱ्या पायाची आणली गं माय घरात!" झालं. मोटर जळाली ती व्होल्टेज कमी होतं म्हणून, हे साडूंनी आईला नाही नाही ते करून पटवायचा प्रयत्न केला. पण व्होल्टेज कुणाला दिसतंय? पाय सगळ्यांना दिसतात. तो शिक्का अक्काच्या कपाळी बसला तो बसलाच, आणि ती बिचारीही हळूहळू त्यावर विश्वास ठेवायला लागली.

अशी बरीच वर्षं गेली आणि साडूंनी वसमतच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी व्हॅन आणली. पांढरी, खोक्यासारखी, एका दाराला दोरी. दारात आली, पूजा झाली, नारळ फुटला, आणि गावाला एक चक्कर मारायची म्हणून चावी फिरवली तर नुसतं टक्! दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण इंजिन काही हलत नाही. पुन्हा चावी, पुन्हा टक्. जमलेल्या लोकांत कुजबुज सुरू. ओट्यावर सासू बसलेली, आता पार म्हातारी झालेली, पण जीभ अजून जागेवर. ती म्हणाली, "हिनं आरतीचं ताट धरलं व्हतं का रं?" साडू तडक आत गेले, चुलीपाशी बसलेल्या अक्काचा हात धरून तिला बाहेर घेऊन आले. ती नको नको म्हणत होती, हाताला पीठ लागलेलं. तिला त्यांनी आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि चावी फिरवली. गाडी एका दमात चालू! मी तिथंच होतो, थापा मारत नाही. साडू खाली उतरले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि ओरडले, "बघून घ्या रे सगळ्यांनी! ह्याला म्हनत्यात पायगुण!" सासूनं तोंड फिरवलं. अक्का गाडीतच बसून राहिली, लाजेनं लालबुंद, आणि मी तिला इतक्या सुखात कधीच पाहिलं नव्हतं.

मग काय विचारता! ते एकटे बसले की गाडी रुसायची, अक्का शेजारी बसली की चालू. दर वेळी. पंपाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा हा माणूस, पण स्वतःच्या गाडीचं बॉनेट त्यांनी कुणाला उघडू दिलं नाही, की शेजारची सीट दुसऱ्या कुणाला दिली नाही. "बिघाड न्हाईच तर शोधता काय?" म्हणायचे. एकदा घरून अक्काला बसवून गाडी चालू केली आणि तिला उतरवून एकटेच सेनगावच्या बाजारात गेले, तिथं गाडी अडून बसली. दुसऱ्या कुणी मेकॅनिक गाठला असता. ह्यांनी घरी फोन केला, "तिला जीपनं धाडा." आणि अक्का भाकरी अर्धवट टाकून, माणसांनी खचाखच भरलेल्या जीपमधून सेनगावला गेली, व्हॅनमध्ये बसली, चावी फिरली, गाडी चालू. बाजारातले लोक बघतच राहिले. मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला राग नाही येत?" तर म्हणते, "दाजी, आख्ख्या बाजारानं बघितलं की वो!" गावात कुणी नवी मोटरसायकल घेतली तरी अक्काला बोलावणं यायला लागलं. जी बाई चुलीपाशी लपायची, ती आता नव्या वस्तूला हात लावायला रांगेत पहिली.

आणि मग ती मेली बिमारी आली. पोटात गाठ. डॉक्टरांनी सांगितलं, नांदेडला ठरल्या तारखेला यायचं, सुया घ्यायच्या, एकही खेप चुकवायची नाही. चुकवली तर आशा सोडा, असं बाहेर बोलावून मला आणि साडूंना स्पष्टच सांगितलं. पहिल्या काही खेपा नीट झाल्या. अक्का बसायची, गाडी चालू व्हायची, साडू तिच्याकडे बघून मान डोलवायचे. पण अक्का दर खेपेला उतरत चालली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, झंपर खांद्यावरून ओघळायला लागले. आणि त्याच सुमाराला गाडीनं तिच्यासमोरसुद्धा टक् करायला सुरुवात केली. आधी कधीमधी. मग दोनतीनदा फिरवल्यावर एकदा. मी फोन करून विचारायचो, "अक्का कशी आहे?" पलीकडून उत्तर यायचं, "आज चौथ्यांदा फिरवल्यावर लागली." मी म्हणायचो, "अहो, मी अक्काचं विचारतोय." तर ते म्हणायचे, "बॅटरी नवी टाकून बघतो म्हनतो." मला वैताग यायचा. बायको तिकडे झिजून चाललीय आणि हा माणूस बॅटरी बदलतोय! बॅटरी बदलली, इंजिन फिरवणारा सेल्फ बदलला, चावीचं कुलूपसुद्धा बदललं. मेकॅनिक शेजारी बसून बघायला लागला की गाडी झोकात चालू व्हायची, तो गेला की परत टक्.

एका खेपेला सकाळी गाडी चालू झालीच नाही. साडूंनी चावी फिरवून फिरवून अंगठा लाल केला. शेवटी जीप बोलावली. त्या रस्त्यानं, त्या गर्दीत, अक्का ओकत ओकत नांदेडला पोचली. परत आल्यावर ती अंथरुणावर पडली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझा पाय परत फिरला. मी जिथं बसते तिथं वाटोळं. आता मी कुठं येनार न्हाई." माझ्या बायकोनं समजावलं, मी समजावलं, साडूंनी तर पाय धरायचेच बाकी ठेवले. एकच उत्तर, "काहून मला ओढून राहिले? गाडीलासुदीक कळलंय." पुढची तारीख जवळ येत होती. साडूंनी मला फोन केला. आवाज ओळखू येईना. "साडभाऊ, चांगला माणूस घेऊन या. गाडीत बिघाड हाय. असलाच पायजे. माझ्या बायकोच्या पायात न्हाई." ज्या माणसानं इतकी वर्षं बिघाड नाहीच म्हणून हट्ट धरला, तो आता बिघाड सापडावा म्हणून देवाला नवस बोलत होता.

मी हिंगोलीतून खालीदला घेऊन गेलो. गाड्यांचं वायरिंग करणारा, आडव्या अंगाचा, बोलघेवडा माणूस. त्यानं सकाळभर वायरी उपसल्या, शिव्या घातल्या, कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि हाती काही लागेना तेव्हा कंटाळून चहाचा कप घेऊन ड्रायव्हरशेजारच्या सीटवर धपकन बसला. साडूंनी सहज चावी फिरवली. गाडी चालू! खालीद उतरला, टक्. बसला, चालू. उतरला, टक्. खालीदला हसू आवरेना. "काका, मेरा भी पायगुण अच्छा है!" मीही हसलो. साडूसुद्धा हसले, बऱ्याच दिवसांनी. मग खालीदनं सीट उचलली. खाली बॅटरी, ती तर नवीच. पण बॅटरीची अर्थिंगची वायर जिथं गाडीच्या पत्र्याला पकडलेली असते, तिथला बोल्ट गंजून सैल झाला होता. चटईखाली असल्यानं आजवर कुणी तिकडे बघितलंच नव्हतं. "ये देखो," खालीद म्हणाला, "सीटवर वजन पडलं की खालची पट्टी दाबते, वायर पत्र्याला बराबर टेकते. वजन नसलं की उचलते. दिव्यापुरता करंट जातो, सेल्फपुरता न्हाई." आणि मग तो भाबडेपणानं म्हणाला, "काकू पहिले तंदुरुस्त होत्या ना? म्हणून तर चालत होती."

आमचं हसू जागच्या जागी विझलं. साडू त्या उचललेल्या सीटकडे बघत उभे राहिले. खालीदला आपण काय बोललो ते कळलं, तो कप घेऊन लांब गेला. सीटखालची पट्टी हातानं दाबून बघत साडू हलक्या आवाजात म्हणाले, "म्हंजे तिचं वजन उतरून राहिलं ते गाडीला कळत व्हतं. मला न्हाई कळलं." मी त्यांच्या दंडाला धरून ठेवलं. कळत त्यांनाही होतंच हो, पण ते बघायचं नव्हतं, म्हणून तर बॅटऱ्या बदलत होते. मला वाटलं, आता हे आत जाऊन तिला सांगतील, अगं बिघाड सापडला, तुझा काही दोष नव्हता. पण ते दारापर्यंत गेले आणि थांबले. कारण दोष तिचा नव्हता हे सांगायचं, तर गुणही तिचा नव्हता हे सांगावं लागणार. आणि ती वायर आता का टेकत नव्हती, तेही. ते माघारी फिरले, खालीदला म्हणाले, "गंज खरवडून पक्की कर. परत हलली न्हाई पायजे. आन् घरात एक शब्द बोलायचा न्हाई."

काम झाल्यावर ते अक्काला घेऊन आले. ती यायला तयार नव्हती. दाराची चौकट धरून उभी राहिली. "एकदा बस. न्हाई लागली तर मी ही गाडी भंगारात देतो," ते म्हणाले. ती बसली. सीट जराही दबली नाही, इतकी हलकी झाली होती. साडूंनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. "आला का न्हाई माघारी?" ते ओरडले, "पायगुण म्हनत्यात तो असा जात नसतो!" अक्कानं त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बंद करून परत लावा बरं." लावली. "अजून एकदा." पुन्हा लागली. अशी कितीदा तरी चावी फिरली, आणि अक्का हसत होती आणि डोळे पुसत होती. त्यापुढची एकही तारीख तिनं चुकवली नाही.

पण उपयोग झाला नाही. हळद शिजवायच्या दिवसांत अक्का गेली, नांदेडच्याच दवाखान्यात. तिला घरी आणायला आम्ही तीच गाडी नेली होती. दवाखान्याच्या दारात साडूंनी चावी फिरवली आणि ती एका दमात चालू झाली. मला त्या गाडीचा इतका राग आला म्हणून सांगू! निदान त्या दिवशी तरी मेलीनं टक् करायचं होतं.

आता साडू एकटेच असतात. टेस्टर खिशाला आहे, पण लोकांच्या घरचे पंखे उघडायचं थांबलंय. एक मात्र नवीन सुरू केलंय. गोरेगावात किंवा आजूबाजूच्या तांड्यावर कुणाचं लग्न असलं की हे न बोलावता व्हॅन घेऊन हजर. नवरीला आणायचा मान ह्यांचा. नवरदेव मागं, नवरी पुढं, शेजारच्या सीटवर. सासरच्या दारात गाडी आली की हे मुद्दाम इंजिन बंद करतात, सासू औक्षणाचं ताट घेऊन पुढं येईपर्यंत थांबतात, आणि मग सगळ्यांच्या देखत चावी फिरवतात. गाडी चालू होते. मग हे मान बाहेर काढून गल्लीभर ओरडतात, "जुनी गाडी हाय वो, कुनासाठी लागत न्हाई! पोरीचा पायगुण लई चांगला हाय!" सासू खूश, नवरी लाजते, वाजंत्री वाजतात.

परवा अशाच एका लग्नाहून परत येताना मी त्यांच्यासोबत होतो. म्हटलं, "साडभाऊ, ही गाडी तर आता शेळी बसवली तरी चालू होते."

"व्हय," ते म्हणाले. "पन ते गावात कुनाला ठाव हाय?"

नरसीच्या पुढं रस्ता मोकळा लागला. गिअर बदलून ते समोर बघतच म्हणाले, "गाडी लई उशिरा घेतली आपुन. तिच्या वरातीलाच पायजे व्हती."