टकळ्याचा आवाज

रोज सकाळी सव्वासात वाजता छोटूताई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहायच्या आणि हातात काहीतरी धरायच्या. कधी फडकं, कधी वाटी. कुणी पाहिलंच तर बाई कामात आहे असं दिसावं, एवढ्याचसाठी. खरं काम एकच होतं, कान देणं. पलीकडच्या खोलीत त्यांचा मुलगा आपल्या सहा वर्षांच्या मुलीच्या वेण्या घालत असायचा. सूनबाईची नोकरी लांबची, ती साडेसहालाच घर सोडायची, म्हणून हे काम बापाकडे आलं होतं. बापाची बोटं होतीही तशी. दातांच्या लॅबमध्ये बसून तो दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायचा. मेणात एकेक दात बसवणाऱ्याला तीन पेडांची वेणी म्हणजे डाव्या हातचा खेळ.

तरीही दोन वेण्यांना त्याला बारा मिनिटं लागायची. कारण वेणी घालता घालता तो गोष्ट सांगायचा, आणि गोष्ट रंगात आली की पेड हातातून सुटायचे.

हा माणूस गोष्ट सांगतो, हे बाहेर कुणाला पटलं नसतं. एरवी 'हो', 'नाही' आणि 'बघू' या तीन शब्दांत त्याचा संसार चालला होता. लग्न ठरताना मुलीच्या मावशीनं छोटूताईंना बाजूला घेऊन, मुलाला बोलता येतं ना, असं विचारलं होतं. सूनबाई बोलघेवडी निघाली म्हणून निभावलं. घराच्या वाट्याचं सगळं ती एकटीच बोलून टाकायची. पण सकाळच्या त्या बारा मिनिटांत, लोटलेल्या दाराआड, तो बोलायचा. "म्हणजे ना, ऐक ना, पुढे तर अजूनच," असे शब्दांवर शब्द पडायचे, मध्येच तो मोठा श्वास गपकन गिळायचा, आणि गंमत सांगायच्या आधी स्वतःच हसत सुटायचा, त्यामुळे गंमत कधी पोचायचीच नाही. नात तेवढ्यावरच खिदळायची. छोटूताई दाराआड फडकं पिळत राहायच्या, कोरडंच.

तो असा नऊ वर्षांचा असताना बोलायचा. मधली सगळी वर्षं तो तसा बोलला नव्हता, आणि त्याला कारण छोटूताई होत्या.

छोटूताई हे त्यांना डबिंगच्या स्टुडिओनं दिलेलं नाव. वयाच्या चौतिसाव्या वर्षीही त्यांच्या गळ्यातून दहा वर्षांचा पोरगा बोलायचा. जाहिरातीतलं खोकणारं मूल त्या, रेडिओवरचा हट्टी राजपुत्रही त्याच. एकदा तर एकाच दिवसात त्या चार भावंडं झाल्या होत्या आणि चौघांची आपसात मारामारीही लावून दिली होती. अशात तो सिनेमा आला. मोठं व्हायची घाई झालेल्या एका बडबड्या मुलाची गोष्ट होती. तो कोळशानं मिशी काढतो, बापाचा कोट घालतो आणि बँकेत नोकरी मागायला जातो. मुलाचं नाव टकळ्या. शूटिंग रेंगाळलं आणि मध्यावरच टकळ्याचं काम करणाऱ्या पोराचा आवाज फुटला. अर्ध्या सिनेमात पोरगा किणकिणतोय आणि उरलेल्या अर्ध्यात खरखरतोय. दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला आणि छोटूताईंना बोलावलं.

दोन दिवस त्यांना काही केल्या जमलं नाही. दिग्दर्शक म्हणाला, आवाज मुलाचा आहे, पण बोलणं बाईचं आहे, तुम्ही वाक्यं पूर्ण करता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या तोंड पाडून घरी आल्या, तर मुलगा ओट्यावर चढून बसला होता. वर्गात साळुंकी शिरली होती, ती गोष्ट त्याला पोटात ठेववत नव्हती. शब्दांवर शब्द, मध्येच गिळलेला श्वास, आधीच फुटलेलं हसू. छोटूताई हातातलं काम टाकून त्याच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, पुन्हा सांग. त्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या, अजून एकदा. आई आज इतकं मन लावून ऐकतेय म्हणून पोरगा खूश झाला आणि त्यानं तिसऱ्यांदा आणखी रंगवून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी माईकसमोर टकळ्या बोलला आणि काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट हसता हसता खुर्चीवरून उठून बाहेर गेला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तो सिनेमा ज्यानं पाहिला नाही असं घर सापडायचं नाही. टकळ्याची वाक्यं लोक दुकानात, दवाखान्यात म्हणायला लागले. आवाज कुणाचा, हे मात्र गुपित राहिलं. पडद्यावरचा पोरगा मोठा नट व्हायचा होता, त्याच्या तोंडात बाईचा आवाज आहे हे कळलं असतं तर त्याची शोभा झाली असती. छोटूताईंनी शब्द दिला आणि पाळला. थिएटरात त्या आपल्या मुलाला शेजारी घेऊन बसल्या होत्या. टकळ्या पहिलं वाक्य बोलला, सगळं थिएटर हसलं, आणि मुलानं पडद्याकडे न पाहता आईकडे पाहिलं. सिनेमा संपेपर्यंत तो अधूनमधून तसंच पाहत राहिला.

मग शाळा सुरू झाली. वर्गात त्यानं हात वर केला, उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि पोरं बाकं बडवायला लागली. बाई हसून म्हणाल्या, टकळ्याची नक्कल पुरे, नीट बोल. घरी येऊन त्यानं आईला एवढंच सांगितलं, "मी नक्कल नाही करत." त्या वेळी छोटूताईंनी शाळेत जायला हवं होतं. माझ्या पोरानं कुणाची ढब उचलली नाही, मी त्याची उचलली, असं सांगायला हवं होतं. पण शब्द दिलेला होता, आणि खरं सांगायचं तर सिनेमा जोरात चालल्याची धुंदीही होती. त्या म्हणाल्या, अरे, मग चांगलंच आहे की, सगळ्यांना आवडतोस तू.

आधी त्यानं 'म्हणजे ना' सोडलं, मग हसणं मागे घेतलं, मग श्वास नीट घ्यायला शिकला. बारा वर्षांचा होईतो तो इतकं तोलूनमापून बोलायला लागला की शेजारीपाजारी त्याचं कौतुक करायचे, किती समंजस मुलगा. छोटूताई ते ऐकून मान खाली घालायच्या. तक्रार करावी असं काहीच नव्हतं, म्हणून माफी मागायलाही कुठून जागा सापडेना. मायलेकांनी त्या विषयाला उभ्या आयुष्यात हात लावला नाही.

मग नात झाली, वाढली, तिला केस आले, आणि बत्तीस वर्षांनी वेण्यांच्या निमित्तानं तो सुटला. छोटूताईंना वाटलं, आपल्याला माफ केलं नसलं तरी चालेल, एवढं राहू दे.

नेमका तेव्हाच सिनेमाचा दुसरा भाग निघाला.

जुन्या दिग्दर्शकाचा तेव्हाचा सहायक आता स्वतः दिग्दर्शक झाला होता. केस पांढरे झाले होते, पण 'छोटूताई' म्हणून हाक मारत आला. टकळ्या आता चाळिशी ओलांडलेला बाप आहे, म्हणाला, आणि त्याला आपलं लहानपण दिसतं. त्या वेळी कापून टाकलेली दृश्यं सापडली आहेत, पोरगा आहे, आवाज नाही. ताई, तुम्ही हव्यात. छोटूताई म्हणाल्या, गळा गेला आता. तो म्हणाला, त्याची काळजी नको, जुन्या सिनेमातला आवाज मशीनला दिला की ते हवं ते बोलून देतं, तुम्ही फक्त येऊन ऐका आणि बरोबर आहे एवढं सांगा. त्यांनी विचारलं, "आणि मी नको म्हटलं तर?"

तो जरा ओशाळला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, आवाज तुमचा असला तरी कागदावर तो कंपनीचा आहे. पण या वेळी तुमचं नाव येणार. तेव्हाचा अन्याय मी धुऊन काढणार आहे."

माणूस मनापासून बोलत होता, तीच पंचाईत होती. दुष्ट असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

तरी छोटूताई स्टुडिओत गेल्या, त्या थांबवायलाच. वाटेत त्यांनी सगळं घोकलं होतं: हा आवाज माझा नाही, माझ्या मुलाचा आहे, त्याला विचारल्याशिवाय तुम्हाला लावता येणार नाही. आत एक तरुण रेकॉर्डिस्ट मुलगी होती. तिनं आदरानं खुर्ची दिली, कानांवर हेडफोन चढवले आणि बटण दाबलं. टकळ्या बोलला. "बाबा, ऐक ना, म्हणजे ना, मी मोठा झालो की मग तू काय होणार?" आणि मध्ये तो श्वास, गपकन गिळलेला.

छोटूताईंना स्वतःचा आवाज ऐकू आलाच नाही. ओट्यावर पाय हलवत बसलेलं नऊ वर्षांचं पोर ऐकू आलं, आणि ते असं काही बोलत होतं जे ते कधीच बोललं नव्हतं. जे बोलायचं राहून गेलं त्यातलंच हे एखादं असेल, असं त्यांना वाटलं. घोकलेलं सगळं त्या विसरल्या. त्या म्हणाल्या, पुन्हा लावतेस? तिनं लावलं. त्या म्हणाल्या, अजून एकदा.

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मुलीनं विचारलं, आजी, नाव कसं लिहायचं, पूर्ण सांगा. छोटूताईंनी पूर्ण नाव सांगितलं. आपण नको म्हणायला आलो होतो, हे त्यांना परतीच्या बसमध्ये आठवलं.

त्या दिवशी जेवताना त्यांनी धीर करून मुलाला सांगितलं की दुसरा भाग येतोय. "बघितलं. पोस्टर," तो म्हणाला. त्यात तोच आवाज आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यानं ताट उचललं, बेसिनमध्ये ठेवलं, नळ सोडला. पाण्याच्या आवाजात 'असू दे' म्हणाल्यासारखं वाटलं. छोटूताईंनी पुन्हा विचारलं नाही.

सूनबाईला मात्र सिनेमा लागला तेव्हा पोस्टरवरच्या नावावरून समजलं आणि ती आनंदानं उडालीच. आपल्या सासूबाई म्हणजे टकळ्या, हे आपल्याला आजवर कुणी सांगितलं नाही म्हणून तिनं नवऱ्याला चार शब्द सुनावले आणि रविवारची तिकिटं काढली. छोटूताईंनी जमेल तेवढी आडकाठी केली. पोरीला खोकला आहे. थिएटरात थंडी असते. सहा वर्षांच्या मुलीला काय कळणार त्यातलं. सूनबाई म्हणाली, आई, उगाच लाजू नका. का नको हे सांगायचं तर मुलाचं गुपित उघड करायला लागलं असतं, आणि वेण्यांची गोष्ट आपण चोरून ऐकतो हेही. छोटूताईंनी त्या दोघींना जाऊ दिलं. मुलगा गेला नाही, लॅबचं काम आहे म्हणाला. मायलेकी संध्याकाळी परतल्या तेव्हा तो टेबलाशी बसून एक दाढ घासत होता. नात बूटही न काढता धावत त्याच्याकडे गेली.

"बाबा, तू टकळ्यासारखं बोलतोस. सेम टू सेम."

तिच्या तोंडावर नुसता अभिमान होता. आपला बाप सिनेमातल्यासारखा आहे, याहून मोठी गोष्ट तिच्या जगात नव्हती. सूनबाई हसत म्हणाली, हे आणि टकळ्यासारखं? बाई गं. मुलानं दाढ उजेडात धरली, फुंकर मारली आणि पुन्हा घासायला घेतली.

सोमवारी सव्वासातला छोटूताई दाराआड उभ्या राहिल्या. आत फणीचा आवाज येत होता. नात म्हणाली, बाबा, टकळ्याची नक्कल कर ना. फणी चालू राहिली. तिनं लाडीगोडी केली, मग रुसून पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "हलू नकोस."

छोटूताईंनी फडकं टाकलं आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दारातून आत गेल्या, म्हणजे त्या विषयाच्या आत. नातीसमोर जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. त्या म्हणाल्या, "बाळा, बाबा टकळ्यासारखा नाही बोलत. टकळ्या बाबासारखा बोलतो. बाबा आधी बोलायचा. मी त्याचं ऐकून तसा आवाज काढला."

नातीनं विचार केला. "पण आजी, टकळ्या तर लहान आहे. बाबा मोठा आहे. मोठं झाल्यावर त्याचं बघून शिकला असेल ना बाबा?"

"नाही गं. मीच टकळ्या होते."

"मग काढून दाखव."

मुलाचे हात वेणीवर थांबले. छोटूताईंनी घसा खाकरला. पाठ सरळ केली, माईकसमोर करायच्या तशी. "म्हणजे ना," त्या म्हणाल्या, "ऐक ना, पुढे तर," आणि श्वास गिळायला गेल्या, तो अडकला. खोकला आला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, आणि एक म्हातारी बाई लहान मुलासारखं बोलायला पाहतेय, एवढंच त्या खोलीत ऐकू आलं. नात आजीला वाईट वाटू नये अशा बेतानं, हळूच म्हणाली, "तुला नाही येत, आजी. बाबाला येतं."

छोटूताईंनी वर मुलाकडे पाहिलं. थिएटरात त्यानं त्यांच्याकडे पाहिलं होतं, तसाच तो आताही पाहत होता. राग नव्हता. काही तरी विचारायचं असावं आणि विचारून उपयोग नाही हे माहीत असावं, असं ते बघणं होतं.

"आई, ऊठ," तो म्हणाला. "तिची बस येईल."

त्यानं हात देऊन त्यांना उठवलं, नातीच्या वेणीला शेवटची गाठ मारली आणि फणीतले केस काढून टाकले. नातीनं पुढे आठवडाभर हट्ट धरला, मग मुलं सोडतात तसा सोडून दिला. छोटूताई अजूनही सव्वासातला दाराआड जाऊन उभ्या राहतात, सवयीनं. हल्ली दोन वेण्या पाच मिनिटांत होतात, आणि चांगल्या घट्ट होतात.