लोखंड सोडलेल्या बायका

शालनचा डोळा लागत असतो आणि तिच्या पायांना ते अजिबात मंजूर नसतं. शनिवारची दुपार आहे, पोटात उपासाचा कोरा चहा आहे, शिलाई मशीनवर अर्धवट शिवलेला ब्लाऊज आहे आणि त्या ब्लाऊजवरच तिनं डोकं टेकलं आहे. पापण्या जड होतात, मान सैल पडते, आणि नेमकी तेव्हाच पोटरीच्या आत, मांसाच्याही आत, हाडाजवळ कुठंतरी वळवळ सुरू होते. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखणाऱ्या माणसाची लोक निदान विचारपूस तरी करतात. हे नुसतं आतून ढोसत राहतं. ऊठ, हल, चाल. चाललं की थांबतं, टेकलं की परत सुरू.

रात्रीचं तर विचारूच नका. अख्खी गल्ली घोरत असते आणि ही बाई स्वयंपाकघर ते पुढचं दार अशा येरझाऱ्या घालत असते. नवरा रंगराव स्वभावानं वाईट नाही. त्यानं आधी ‘नाटकं बंद कर’ म्हणून पाहिलं, मग गुपचूप आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं, आणि आता तो पाहुण्यांसमोर तिला घाण्याचा बैल म्हणतो. पाहुणे हसतात. शालनही हसते, आणि त्या स्वतःच्या हसण्याचाच तिला सगळ्यांत जास्त संताप येतो.

मशीन पायानं चालवायचं होतं तोवर निभत होतं. पायडल मारताना पाय गप्प असायचे, म्हणून ती शिवत बसायची. गल्लीत नाव झालं, शालन केवढी कष्टाळू! मग मुलानं लाडानं मशीनला मोटार बसवून दिली, आईला त्रास नको म्हणून. झालं, पायांना होता नव्हता तो आसराही गेला.

इलाज तरी किती केले तिनं. तेल झालं, तांब्याचं कडं झालं, कॅल्शियमची इंजेक्शनं झाली. एकानं ‘शिरेवर शीर चढलीय’ म्हणून कंबर तुडवून दिली, दुसऱ्यानं ‘मनाचं आहे’ म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंनी मधे न बोलता तिचं सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासलं आणि सांगितलं, या आजाराला नाव आहे आणि तुम्ही वेड्या नाही. तुमच्या अंगातला लोहाचा साठा संपलाय. गोळ्या सुरू करा, त्यांनी भागलं नाही तर सलाईनमधून देऊ, त्याच्या पुढचीही औषधं आहेत. जेवणावर चहा घेऊ नका आणि उपास तर मुळीच नकोत. शालन जिन्यात येऊन ढसाढसा रडली होती, आनंदानं.

आणि तरी त्या गोळ्यांचं पाकीट अजून फोडलेलं नाही. ते मशीनच्या खणात रिळांखाली पडून आहे, कारण आई.

आईचेही पाय असेच होते. जोशानं सांगितलं होतं की पाय शनीचे, लोखंडही शनीचं, साडेसाती पायांतून उतरते आणि आईच्या, हौसाबाईंच्या, पायांत ती अडकून बसली आहे. तेव्हा हौसाबाईंनी शनिवार धरला आणि लोखंड सोडलं. लोखंडाच्या तव्यावरचं, कढईतलं खायचं नाही, लोखंड पोटात जाऊ द्यायचं नाही, जन्मभर. मरताना त्यांनी शालनच्या तळहातावर पाणी सोडून हा वसा तिला दिला. तेव्हा शालनचे पाय नुकतेच वळवळायला लागले होते आणि तिनं मुकाट्यानं हात पुढं केला होता. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून सोमवार, गुरुवार, चतुर्थी हे बाकीचे उपास तिनं एका झटक्यात सोडून दिले. देवाशी बोलणी करता येतात. मेलेल्या आईशी कुणी करायची?

‘ये आणि सोडव मला,’ शालन ब्लाऊजमध्ये तोंड खुपसून म्हणते. ‘तूच दिलंस ना? मग तूच परत घे.’

‘कुणाचा ब्लाऊज हाय ह्यो?’ आई विचारते.

ती मशीनच्या पलीकडं आहे. हिरवं नेसलेली, ओचा वर खोचलेला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते, वळते, परत येते. ती आली याचं शालनला नवल वाटत नाही. ती अजूनही चालतेच आहे, हे पाहून मात्र तिचं डोकं फिरतं.

‘मेल्यावर तरी टेक की जरा.’

‘टेकवत न्हाई गं.’

‘मग उपास कशाला केलेस जन्मभर?’

आई पुढच्या भिंतीकडं वळते. ती चालत राहते आणि भिंत तिच्यासाठी मागं मागं सरत जाते. खोली लांब होते, तिला खुर्च्या फुटतात. हा मिरजेच्या दवाखान्यातला बोळ आहे. प्रत्येक खुर्चीवर एक बाई बसली आहे, प्रत्येकीचे पाय पदराखाली हलताहेत आणि प्रत्येकीनं हातानं गुडघा दाबून धरला आहे. नाव कुणाचंच पुकारलं जात नाही. शालन एका रिकाम्या खुर्चीत बसते, तिचाही पाय हलायला लागतो, आणि आई येता येता तिच्या मांडीवर चापटी मारते.

‘पाय हलवू नगं. लक्ष्मी जाती घरातनं.’

‘आपल्या घरात कधी आली होती ती?’

शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसते. आईलाही हसू येतं, पण ती ते लगेच गिळून टाकते.

‘चल,’ आई म्हणते. ‘हितं काय बसायचं न्हाई.’

बोळाच्या टोकाचं दार ढकललं की पायाखाली तेल लागतं. शनीच्या देवळामागं लोखंडाचा ढीग आहे. बायकांनी दान दिलेले तवे, कढया, उलथनी, विळ्या, घोड्यांचे नाल, सगळं एकावर एक, आभाळाला टेकेल इतकं. आई त्या ढिगावर चढते. कढया घरंगळतात, आवाज मात्र होत नाही. ती हात घालून एक खोलगट, काळी कढई ओढून काढते आणि पदरानं पुसते.

‘ही माझी. माझ्या आईनं दिलती लग्नात. मेथी काय व्हायची हिच्यात! काळीभोर. तुला लई आवडायची ल्हानपणी.’

‘मला आठवत नाही.’

‘कशी आठवंल? तू तीन-चार वर्साची हुतीस, तवाच मी ही हितं आणून टाकली.’

शालनचं अंग पेटतं. ‘आई, अशा कढईत शिजवलं की त्यातलं थोडं लोह अन्नात उतरतं. तेवढंच येत होतं तुझ्या पोटात. पायांसाठी जे हवं होतं तेच तू पायांसाठी दान करून आलीस. वर दर शनिवारी उपाशी, आणि पोटाला नुसता चहा. आणि हे सगळं करून तू मला पण तेच दिलंस!’

‘मला कुणी सांगितलं?’ आई ढिगावरून ओरडते. आईचा आवाज इतका मोठा होऊ शकतो हे शालनला माहीत नव्हतं. ‘मला सांगितलं का कुणी? तुझ्या बाऽनं नेलं मला कधी दवाखान्यात? म्हस आटली तर तालुक्यासनं डाक्टर आणायचा. मी येरझाऱ्या घालायची तर म्हणायचा, भूत लागलंय रांडंला. कुणी रगत तपासलं माझं? सांग की. आली मोठी शिकवायला!’

‘मग जोशाकडं तरी कशाला गेलीस?’

आता ढीग नाही. गोठ्याला लागून असलेली खोली आहे, म्हशीचा वास आहे, एक लाकडी बाज आहे. जमिनीवर गोधडीत छोटी शालन झोपली आहे आणि मोठी शालन दारात उभी राहून बघते आहे. बाजेवर आई उताणी पडली आहे. जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी तिच्या दोन्ही घोट्यांना गुंडाळून बाजेच्या खुराला आवळून बांधली आहे. वरून आजीची गाठ, सुटता सुटणार नाही अशी. बाज कुरकुरते. आईचे पाय त्या पट्टीत झटके देत राहतात आणि आई छताकडं बघत राहते.

हे शालननं पाहिलेलं आहे. विसरली होती ती, आणि आता विसरल्याची तिला लाज वाटते.

‘रोज?’ ती विचारते.

‘रोज. तुझी आजी म्हणायची, हिच्या पायांनी घर धुऊन चाललंय. घोट्याची कातडी गेलती माझ्या.’ बाजेवरची आई आणि शालनशेजारी चालणारी आई दोघी एकाच आवाजात बोलतात. ‘मग मी जोशाकडं गेली. चोरून गेली. तूप दिलं त्याला. म्हटलं, बाबा, तू माझ्या सासूला असं सांग, की शनीचा वसा घेतलेल्या बाईच्या पायाला गाठ मारली तर मारणाऱ्याचं हात झडत्यात.’

‘म्हणजे शनीनं काही सांगितलं नव्हतं?’

‘शनीला काय पडलंय माझं? मीच सांगितलं. जोशानं वर आपल्या पदरचं लोखंड घातलं, वसा खरा वाटाया नगं का? म्हटलं जाऊ दे, कढईच जातीया. त्या दिवसापासनं कुणी मला बांधलं न्हाई.’

शालन दाराची चौकट धरते. तिला आईला पोटाशी धरावंसं वाटतं आणि तिच्या कानाखाली वाजवावीशीही वाटते, दोन्ही एकदमच. राग जिंकतो.

‘आणि मला? मला का दिलास?’

‘तुझं बी पाय हलाया लागलं हुतं. तुला कुणी बांधू नये म्हणून दिला. माझ्याजवळ तेवढंच औषध हुतं.’

‘मला कोण बांधणार होतं? रंगराव? तो कूस बदलून झोपतो. माझ्या सासूला तर माझ्या पायांचा पत्ताच नव्हता.’

‘बाईला बांधायला काय दोरीच लागती व्हय?’

‘नाही लागत,’ शालन म्हणते. तिचा आवाज आता फाटलेला आहे. ‘पाणी पुरतं. तळहातावर सोडलं की झालं. औषध माझ्या घरात आहे, आई. मशीनच्या खणात आहे. हात लावायला गेले की तू आडवी येतेस. रात्रभर चालते मी. मला कुणीसुद्धा बांधलं नव्हतं. तूच बांधलंस.’

आई थांबते. आल्यापासून पहिल्यांदाच ती थांबते. तिचे पाय जमिनीवर स्थिर उभे आहेत आणि शालनला त्यांच्याकडं बघवत नाही, कारण जिवंतपणी ते असे तिनं कधी पाहिले नव्हते. घोट्यांवर पट्टीचे वळ आहेत, जुने, काळपट.

‘मी काय मुद्दाम केलं?’ आई हळू म्हणते.

‘मुद्दाम नाही केलंस. पण केलंस.’

‘उद्यापन केलं न्हाई मी त्याचं. उद्यापन झाल्याबिगार वसा उतरत न्हाई.’

‘मग कर की! आत्ता कर. की त्यालाही जोशी पाहिजे?’

‘लई तोंड चालतंय तुझं.’

‘तुझ्यावर गेलेय.’

चूल पेटलेली आहे. कुठली ते कळत नाही, शालनचं मशीन चुलीशेजारीच आहे आणि ब्लाऊज अजून सुईखाली. आई चक्क मांडी घालून बसली आहे. कढईत लसूण तडतडतो, मग मेथी पडते, बसते, काळी होत जाते. वासानं शालनच्या तोंडाला पाणी सुटतं आणि त्या पाण्याचाही तिला राग येतो. आई भाकरीचा तुकडा मोडते, कढईच्या बुडाला घासून घासून भाजी उचलते आणि घास पुढं करते.

‘आ कर.’

‘शनिवार आहे.’

‘मला ठावं न्हाई व्हय कंचा वार हाय ते? आ कर म्हणती ना.’

‘आधी म्हण, की चुकलं.’

आईचे ओठ घट्ट मिटतात. नाहीच म्हणत ती. आयुष्यात कधी म्हणाली नाही, आता काय म्हणणार! नुसता हात पुढं धरून ठेवते आणि घास शालनच्या ओठांना टेकवते. शेवटी शालन तोंड उघडते. घास मोठा आहे, लहान लेकराला कोंबावा तसा कोंबलेला. भाजी कडू आहे, तिला लोखंडाची चव आहे. तोंडात घास असल्यामुळं भांडता येत नाही, म्हणून शालन चावत चावत रडते, आणि आई कढई पुसून दुसरा घास बांधायला घेते.

‘अगं ए! खिचडी कधी टाकणार?’

बाहेरच्या खोलीतून रंगराव ओरडतो आहे. मोटार बंद आहे, ब्लाऊजवर ओला डाग पडला आहे, ऊन उंबऱ्याशी आलं आहे. शालन मान उचलते. जीभ आपोआप दाढेकडं जाते. दाढेच्या फटीत काहीतरी अडकलं आहे. ती नखानं ते काढते आणि उजेडात धरते. मेथीचं पान आहे, शिजून मऊ झालेलं, काळं पडलेलं. घरात महिनाभर मेथी आलेली नाही.

‘शालन! उपास आहे ना आज? साबुदाणा भिजवलास का?’

‘मोडला,’ ती म्हणते.

‘काय मोडलं? मशीन?’

‘उपास.’

‘अगं, पण कुणी मोडला?’

‘आईनं.’

रंगराव बहुतेक दारापर्यंत येऊन विचार करतो आहे की हिला आता काय झालं. शालन त्याच्याकडं बघत नाही. तिचा राग तसाच आहे, तसूभरही कमी झालेला नाही. बोटावरचं ते पान ती परत तोंडात टाकते, नीट चावते आणि गिळते.