घाटावरचं जर्मन

काशी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

मित्रहो, फार दिवसांत लिहिलं नाही, रागावू नका.

माझ्या शाळेतल्या केशवला शिकायला जर्मनीला जायचंय. घर वेदपाठ्यांचं, त्यामुळे जर्मनचं पुस्तकही त्याने माझ्याकडून संथा घेऊन मुखोद्गत केलंय. आज आम्ही पंचगंगा घाटावर असताना एका जर्मन प्रवाशाने त्याला रामनगरची नाव कुठे मिळेल ते विचारलं. पठ्ठ्याने अख्खा धडा सुरात म्हटला!

नावाडी हसला, "पंडितजी, साहब को पार जाना है, कथा नहीं सुननी!"

केशव लाजला. मग अडखळत, स्वतः वाक्यं जुळवत बोलला. साहेब नावेत बसले.

"मास्तर, फार चुकलो?"

"चुकलास. पण जर्मनीत निभावशील."

पाठांतर करवलं ते वाया गेलं का? शब्द त्यातूनच आले ना? तुम्हाला काय वाटतं?

उद्या: वर्ग घाटावर भरवणे, पुस्तकांशिवाय.