अडलेल्या बायांची अक्का

अक्का फोन उचलल्यावर कधी ‘हॅलो’ म्हणायच्या नाहीत. “बोल, काय अडलं?” एवढंच. समोरून कुणी लग्नाचं आमंत्रण द्यायला फोन केलेला असला तरी तेच. सगळं आयुष्य बाळंतपणाच्या खोलीत गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? केजच्या ज्या छोट्या प्रसूतिगृहात मी नर्स म्हणून लागले, तिथल्या त्या सगळ्यांत जुन्या नर्स. पेशंट, नातेवाईक, इतकंच काय डॉक्टरसाहेबसुद्धा त्यांना अक्काच म्हणत.

त्या धारूरकडच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे, आणि अक्कांचा जन्म साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत झालेला. ही गोष्ट त्या धमकी दिल्यासारखी सांगत. एखादी सासू कळा सुरू झालेल्या सुनेला फार उशिरा घेऊन आली की अक्का दारातच उभ्या राहायच्या. “कावून थांबला होता घरी? पंचांग बघत होता का? मी कोपीत जन्मलेली हाय, माझी माय कशी वाचली ते मला इचारा.”  मग त्याच सासूला चहा पाजून अक्का आत जायच्या. बाळंतपणात झालेला उशीर त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा.

पन्नाशीला टेकल्यावर या बाईंनी नोकरी सोडली आणि परदेशी गेल्या. सुदानमध्ये युद्ध पेटलं होतं. माणसं सीमा ओलांडून शेजारच्या देशात, चाडमध्ये, येत होती आणि तिथल्या छावणीत एक आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्था दवाखाना चालवत होती. ओळखीच्या एका डॉक्टरांनी अक्कांना अर्ज करायला लावला. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. भावानं अडवलं, भावजय रडली, मी तर चिडलेच. इथं काय बाया कमी अडतात? अक्का म्हणाल्या, “इथं तू हायेस की.” आणि गेल्या.

भाषेचं काय करणार, ही आम्हाला काळजी होती. पण गेल्यावर आठवड्याभरात फोन आला तोच खुशीत. आपल्याकडे निजामाच्या काळापासून तोंडात बसलेले शब्द तिथं उपयोगी पडत होते. दवा, खबर, साबण, सबर, सगळं तिथल्या बायांना थोडंफार कळायचं. “सबर म्हंजी धीर. तेवढा मला इथंबी जमना,” म्हणाल्या. हसतखेळत झालेला तो त्यांचा शेवटचा फोन म्हणायला हरकत नाही, कारण त्यानंतरचे फोन बहुतेक संतापाचेच असायचे.

पावसाळ्यात कोरड्या नद्यांना पाणी आलं की औषधांचे ट्रक पलीकडेच उभे. पाणी उतरलं की सीमेवर कुणाची तरी परवानगी बाकी. परवानगी आली तोवर दूरच्या श्रीमंत देशांनी हात आखडता घेतलेला, म्हणून धान्याचा वाटा अर्ध्यावर आणलेला. “गरोदर बाया पांढऱ्याफटक पडल्यात गं. आन् साहेब लोक म्हणतेत, थोडं थांबा. पोटातलं लेकरू कुणाच्या सहीसाठी थांबतंय का?” मी विचारायची, अक्का, दोष कुणाचा मग? त्या म्हणायच्या, “सापडत न्हाई. ज्याला भांडावं तो म्हणतो, वरून आलं नाही. त्याच्याबी डोळ्यांत पाणी असतं. कुणी वाईट न्हाई गं, तेच लई अवघड हाय.” एकदा मात्र चिडून म्हणाल्या, “देशाचं नाव चाड हाय, पर जगात कुणाला न्हाई.”

पहिल्याच सुट्टीला त्या गावी आल्या तेव्हा केजच्या चौकात त्यांचा फोटो असलेला भलामोठा फ्लेक्स लागला होता. तालुक्यातले एक पुढारी, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, त्यांनी पेपरातली अक्कांची बातमी वाचून ‘सुदानला मदतीचा हात’ असा उपक्रम काढला होता. गावागावांतून साड्या, चादरी, स्वेटर, ज्वारीची पोती जमा झाली. गोदाम भरलं. अक्कांनी ते सोबत न्यायचं, आणि त्याआधी त्यांचा जाहीर सत्कार, असं परस्पर ठरून गेलं होतं.

मी अक्कांबरोबर गोदामात गेले होते. अक्कांनी ढिगातले दोन-तीन कपडे उलटून बघितले. मग म्हणाल्या, “आप्पा, हे जाणार न्हाई.”

“का? ट्रक मी देतो की मुंबईपर्यंत.”

“म्होरं जहाज, मग इमान, मग तिथला ट्रक. कपड्याच्या किमतीपरीस न्यायलाच जास्ती लागतंय. तिथं औषधाचा ट्रक सीमेवर उभा हाय आप्पा, साड्यांचा कोण सोडील?”

“लोकांना काय सांगू मग?”

“खरं सांगा.”

आप्पा वाईट माणूस नाहीत. त्यांचा चेहरा खरोखर पडला. “अक्का, खरं सांगितलं तर पुढच्या वेळी एक माणूस चिंधी देणार नाही.”

अक्कांनी ढिगावरून घसरलेली एक चादर उचलून परत वर ठेवली.  सत्कार झाला नाही. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. आठवडाभर गावात चर्चा, की परदेशात जाऊन बाईला मस्ती आली, आपले कपडे तिला हलके वाटतात. ते कपडे गोदामातच राहिले आणि उंदरांच्या कामी आले.

पण त्या दिवशी गोदामाच्या दारात कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या घरातली एक बाई उभी होती. तिनं लेकीच्या बाळंतपणासाठी शिवलेली गोधडी दिली होती. तिनं विचारलं, “बाई, माजी गोधडी पोचली का तिकडं?”

“न्हाई मावशी. हितंच हाय.”

“मग तुमी घिऊन जा की. एकच तर हाय.”

अक्कांनी ढीग उपसून ती गोधडी शोधली. जाताना बॅगेत बसेना म्हणून भावजयीनं दिलेली चटणी, पापड, दोन साड्या काढून ठेवल्या. पोचल्यावर मला मेसेज आला: “गोधडी पोचली. बाळंतिणीखाली घातली. औषधाचा ट्रक अजून न्हाई.”

पुढच्या वर्षी पैसा आटला आणि छावणीतला बाळंतपणाचा विभाग बंद झाला. संस्थेनं अक्कांना परत पाठवलं. त्या पुन्हा आमच्या दवाखान्यात यायला लागल्या, पण तिकडं त्यांनी तयार केलेली हलिमा नावाची सुदानी सुईण एका ताडपत्रीखाली बाळंतपणं करतच होती. अडचण आली की ती अक्कांना व्हिडिओ कॉल करायची.

एका दुपारी बाहेर बायांची रांग लागलेली असताना तिचा फोन आला. मूल झालं होतं, पण आईचं रक्त थांबत नव्हतं. अक्कांनी फोन माझ्या हातात दिला, टेबलावर उशी ठेवली आणि पोट कसं दाबून धरायचं ते मुठीनं दाखवू लागल्या. अर्धं मराठी, अर्धं अरबी. इंजेक्शन? संपलेलं. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी? गाडी होती, तिच्यात डिझेल नव्हतं. मग चित्र थांबलं आणि फोन तुटला. अक्का पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिल्या. बाहेरच्या रांगेतल्या बाया दाराशी येऊन बघत होत्या.

संध्याकाळी हलिमाचा निरोप आला. बाळ आहे, आई गेली.

अक्कांनी हात धुतले. फोनला हात लावलेला, रक्ताला नव्हे, तरी साबण लावून कोपरापर्यंत धुतले. “केजात असं झालं असतं तर मी रस्त्यात आडवी उभी राहून जीप थांबिवली असती,” त्या म्हणाल्या. “तिथली गाडी चालू करायला मी कुणाच्या आडवी जाऊ?”

त्याच आठवड्यात त्यांनी दुसऱ्या एका छोट्या संस्थेकडे अर्ज केला. या वेळी सुदानच्याच दुसऱ्या शेजारी देशात, दक्षिण सुदानमध्ये. पगार कमी, कामाची मुदत कमी, पुढचा भरवसा नाही.

केजच्या स्टँडवर त्यांना पुण्याच्या एसटीत बसवायला मी एकटीच गेले होते. भावानं येणं टाळलं होतं. मला राहवलं नाही. “अक्का, बघितलंत ना सगळं? ट्रक येत नाही, डिझेल येत नाही. तुमच्यानं एकटीनं काय होणार तिथं?”

त्यांनी खिडकीतून पिशवी आत ओढून घेतली. “लई काय व्हणार न्हाई,” अगदी शांतपणे म्हणाल्या. “पर बाया बाळंत तर व्हणारच हायत. तवा जवळ कुणीतरी असावं की.”

गाडी निघाली. मला रडायचं होतं, पण राग त्याहून मोठा होता. तो कुणावर काढावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.